शिवणीत गेलेलं कोल्हापूर

नोकरीत काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, पृथ्वी करत होतो. विचारणारा आधी हसतो, मग माझ्या वयाकडे बघून विषय बदलतो. पण यात खोटं काही नाही. कोल्हापूरच्या एका संस्थेत मी उभी हयात काढली आणि तिथं हातानं शेकड्यांनी पृथ्वीचे गोल केले. संपादकांनी सगळ्या नोकरीबद्दल लिहा म्हणून कळवलंय. सगळी नोकरी लिहिली तर वाचकाला फराळ करता करता डुलकी लागायची. म्हणून पहिला गोल तयार झाला त्या दीड महिन्याबद्दलच लिहितो. तसे दिवस पुन्हा माझ्या वाट्याला आले नाहीत.

आमच्या संस्थेला सगळे नुसतं 'मंडळी' म्हणत. शाळांना लागणारं सामान तयार करायचं आणि विकायचं, हे मंडळीचं काम. मुळाक्षरांचे तक्ते, मोजायच्या मण्यांच्या चौकटी, भिंतीवरचे नकाशे, लाकडी मापं. नफा कुणी घरी न्यायचा नाही, उरेल ते पुढच्या सामानात घालायचं, हा नियम. हेडमास्तरकीतून मोकळे झालेले अण्णा मंडळीचे चालक होते. कोणतीही वस्तू आधी वर्गात मुलांसमोर धरायची आणि मगच छापायची, असा त्यांचा हट्ट. हा हट्ट कसा उपयोगी पडे ते सांगतो. आमच्या पहिल्या तक्त्यावर 'ज' जहाजाचा होता. मी मोठ्या हौसेनं धूर सोडणारी आगबोट काढली होती. अण्णा तो तक्ता घेऊन मलकापूरकडच्या एका शाळेत गेले आणि हे काय म्हणून विचारलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "गुऱ्हाळ!" समुद्र न पाहिलेल्या पोरांनी दुसरं काय म्हणावं? ती 'ज' ला 'ग' म्हणून शिकत बसली असती. आम्ही आगबोट काढून टाकली आणि जातं घातलं.

मी तिथं शिळेवर लिहिणारा. त्या काळी आमचे नकाशे दगडावरून छापले जात. गुळगुळीत शिळेवर चिकट शाईनं चित्र काढायचं, अक्षरं लिहायची आणि वर कागद दाबायचा. कागदावर सगळं सुलटं यायला हवं, म्हणून शिळेवर उलटं लिहावं लागे. मला उलटं लिहायची इतकी सवय झाली होती की, बायको पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा मी घाईत धाडलेलं पत्र तसंच गेलं. ते आरशासमोर धरून सासऱ्यांनी वाचलं, आणि सगळ्या घराला वाचून दाखवलं. पत्रात काय होतं ते इथं लिहीत नाही.

तर त्या सालाची गोष्ट. महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला होता. गावोगाव शाळा निघत होत्या. चावडीत, देवळात, कुणाच्या गोठ्याच्या अर्ध्या भागात, जागा मिळेल तिथं पोरं बसत होती. आमच्या दारात गाड्या लागत. तक्ते वाळायला दोऱ्या पुरत नव्हत्या. आणि त्याच वेळी विलायतेत मोठी लढाई जुंपलेली. पृथ्वीचे गोल तिकडूनच यायचे, ते यायचे थांबले. मुंबईच्या व्यापाऱ्यानं कळवलं की बोटीच बुडतायत, गोल कुठले आणू.

विद्याखात्यातून अण्णांना बोलावणं आलं. मोठ्या शाळांना तरी एकेक गोल हवा, मंडळी करू शकेल काय? एक गोरे शिक्षणाधिकारी दीड महिन्यानं कोल्हापुरास येणार होते. त्यांच्यासमोर नमुना ठेवायचा, त्यांनी पसंत केला की खातं मागणी नोंदवणार. अण्णांनी तिथल्या तिथं हो म्हटलं. परत येऊन आम्हाला सांगितलं. मी विचारलं, गोल करतात कसा? अण्णा म्हणाले, "ते आता तूच शोधायचं, सदाशिव."

एका शाळेत तडा गेलेला जुना विलायती गोल होता, तो मागून आणला. त्याच्याकडे बघत मी दोन दिवस नुसता बसलो. सपाट कागद गोलावर बसत नाही. चेंडूवर रुमाल गुंडाळून पाहा, चुण्या पडतात. म्हणून नकाशा फाकींत छापतात. पपनस सोलल्यावर कशा फाकी निघतात, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये फुगीर, तशा बारा फाकी. त्या शेजारी शेजारी चिकटवल्या की पृथ्वी पुरी होते. एक फाक दुसरीवर ज्वारीच्या दाण्याएवढी चढवायची, म्हणजे फट राहत नाही. या जोडाला आम्ही शिवण म्हणायला लागलो. मी विलायती गोलावरच्या फाकी जशाच्या तशा मापून घेतल्या, नावं मराठीत घातली आणि सहा-सहा फाकी दोन शिळांवर काढल्या. विलायती गोलावर कोल्हापूर नव्हतंच. आमच्या गोलावर ते मी माझ्या हातानं घातलं, लाल ठिपका देऊन. त्या ठिपक्याचा मला फार अभिमान वाटला होता.

फाकी झाल्या, पण चिकटवायच्या कशावर? कुंभाराकडून मातीचा गोळा करून घेतला, त्यावर रद्दी कागदाचे थर दिले, वाळल्यावर कापून सोडवले आणि जोडले. जे हाती आलं त्याला गोल म्हणायला जीभ रेटेना. दुसरा केला, तो पहिल्यापेक्षा वाईट. तीन आठवडे असे गेले. शेवटी शिळा ओढणारा आमचा गडी म्हणाला की मागल्या गल्लीत दस्तगीर उस्ताद राहतात, ताबुताचे घुमट करतात, त्यांना एकदा दाखवा.

उस्ताद तेव्हा पन्नाशीचे होते. बारीक चण, पांढरी दाढी, आणि बोटं इतकी लांब की चहाची कपबशी त्यांच्या हातात भातुकलीतली वाटे. मोहरमचे ताबूत करायचा त्यांच्या घराण्याचा मान होता. बांबूच्या कांबी आणि कागद एवढ्यावर ते दोन माणूस उंचीचा घुमट उभा करत. अण्णा आणि मी गेलो तेव्हा ते ओसरीवर कांबी तासत होते. मी आमचा गोळा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचलला, कानाशी नेऊन टिचकी मारली, फिरवून पाहिला.

"हे काय हाय, मास्तर? दुध्या?"

शाळेचं सामान करणारा म्हणून त्यांनी मलाही मास्तर करून टाकलं होतं. मी म्हटलं, ही पृथ्वी आहे.

"मग लई हाल झाल्यात की तिचं," उस्ताद म्हणाले आणि पुन्हा कांब तासायला लागले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून कारखान्यात आले. मोहरम जवळ आलेला, म्हणून दुपारपर्यंतच थांबेन, ताबुताचं काम आधी, असं त्यांनी बजावलं. आणि खळ आपल्याच घरची वापरायची. ती त्यांच्या बीबी शिजवत, गव्हाच्या पिठाची, मोरचूद घालून, म्हणजे झुरळ तोंड लावत नाही.

त्या दिवसापासून कारखान्याचा नूरच बदलला. उस्तादांनी मातीचा गोळा बाहेर फेकून दिला आणि कातार्‍याकडून लाकूड फिरवून तासायच्या चरकावर आंब्याच्या लाकडाचा गोळा काढून आणला. त्यावर ओल्या कागदाचे थर दिले, वाळवले, मधोमध चाकू फिरवून दोन वाट्या सोडवल्या, मध्ये काठीचा आस घालून पुन्हा जोडल्या. वरून खडूची पूड आणि सरस कालवून पुटांवर पुटं. प्रत्येक पूट वाळलं की तळव्यानं घासायचं. तयार झालेला पांढरा गोळा त्यांनी आसावर अडकवून फिरवला. तो थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तीच बाजू खाली येऊन थांबला. उस्ताद म्हणाले, एक अंग जड हाय. बारीक भोक पाडून त्यांनी हलक्या अंगाला आतून छर्‍यांची पुरचुंडी सरसानं चिकटवली. मग गोळा फिरवला की दर वेळी वेगळ्याच जागी थांबे. आम्ही सगळे कामं टाकून फिरवत बसलो. अण्णासुद्धा. पोरांनी नवा भोवरा आणावा तसं झालं होतं.

फाकी चिकटवायला घेतल्या तेव्हा नवाच घोळ. अकरा फाकी बसल्या आणि बाराव्या फाकीला जागाच पुरेना. बोटभर कागद जास्त होत होता. मी पुन्हा मापं घेतली, बरोबर होती. माझं डोकं चालेना. उस्तादांनी एक फाक खळीत भिजवली आणि कोरडीवर ठेवून दाखवली. भिजलेली रुंद झाली होती.

"कागदाला कापडावानी उभं-आडवं असतंय, मास्तर. भिजला की आडवा वाडतो, उभा वाडत न्हाय. तुमी काय फाकी उभ्या छापल्यासा, काय आडव्या."

मी शिळेवर जागा वाचवायला खरंच काही फाकी आडव्या बसवल्या होत्या. इतकी वर्षं कागदावर काम करून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती! मग सगळ्या फाकींसाठी कागद एकाच अंगानं कापून घेतला, वाढ किती होते ते मोजून फाकी तेवढ्या अरुंद केल्या, शिळा पुन्हा लिहिल्या. आणखी एक युक्ती उस्तादांची. जपून केलं तरी थोडी चूक राहतेच, आणि ती सगळी शेवटच्या फाकीत गोळा होते. त्यांनी विचारलं, नुसत्या समुद्राची फाक कोणती? मी पॅसिफिक महासागर दाखवला. म्हणाले, ही शेवटाला ठेवा. समुद्र थोडा कमी-जास्त झाला तर कोण ओरडतंय?

साहेब यायला नऊ दिवस उरले असताना पहिला गोल पुरा झाला. रंग भरला, वर रोगण चढवलं आणि तो गोल खिडकीशी उन्हात ठेवला. कारखान्यातली माणसं भोवती गोळा झाली. कुणी काशी शोधली, कुणी मक्का. उस्तादांना मी मक्का दाखवली तेव्हा त्यांनी हात धोतराला पुसला आणि मगच बोट टेकवलं. खरं सांगतो, लग्नातसुद्धा मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

अण्णा चष्मा पुसत पुढं आले आणि म्हणाले, "आता आपलं गाव दाखव."

मी गोल फिरवला. अरबी समुद्र आला, किनारा आला. मुंबई होती. पुणं जेमतेम काठावर वाचलं होतं. त्याच्या खाली, समुद्रावर तरंगत माझ्या अक्षरातलं नाव होतं, 'कोल्हापू'. 'र' नव्हता, ठिपकाही नव्हता. पलीकडची फाक वर चढून बसली होती आणि आमचं गाव शिवणीखाली गेलं होतं.

मी नखानं शिवण खरवडली, जणू खालून गाव वर येणार होतं.

चूक माझी होती आणि ती सरळ होती. विलायती गोल करणाऱ्यानं लंडन एका फाकीच्या मधोमध येईल असं धरून बाकीच्या फाकी पाडल्या होत्या. त्याच्या हिशेबानं एक शिवण कोल्हापूरच्या अगदी खांद्यावरून जात होती. त्यानं कोल्हापूरचं नाव ऐकलं नसेल, त्याला काय दोष द्यायचा? दोष माझा. मी त्याच्या फाकी मापून घेतल्या, आणि ठिपका देताना तो काठावर येतोय हे डोळ्यांसमोर असून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा शिळा लिहिल्या तेव्हाही पाहिलं नाही.

मंडळीच्या सभासदांपैकी एक वकील तिथं होते. ते म्हणाले, वरून रंगानं ठिपका द्या, साहेबाला काय कळतंय. उस्तादांनी मान हलवली. शिवण उन्हाळ्यात सगळ्यात आधी उचलते, म्हणाले. ठिपका तिच्यावर बसवला तर कागद उचलेल त्या दिवशी गाव त्याच्याबरोबर जाईल. अण्णांनी मला विचारलं की शिवण थोडी बाजूला सरकवता येणार नाही का. थोडी नाही येत, मी सांगितलं. शिवण उभ्या रेघेखालीच लपते, मोकळ्या जागी आणली तर डोळ्यांत खुपते. आणि गोलावर उभ्या रेघा ठरावीक अंतरावरच असतात. सरकवायची तर अर्धी फाक, म्हणजे पुढच्या रेघेवर. मग कोल्हापूर फाकीच्या मधोमध येईल.

"मग सरकव," अण्णा म्हणाले.

मी बोटानं गोलावर मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. सगळ्या शिवणी अर्धी फाक सरकल्या की एक शिवण नेमकी लंडनवरून जात होती. दुसरा मार्ग नव्हता. या शिवणीत आम्ही, नाहीतर त्या शिवणीत ते.

वकील म्हणाले की हे भलतं होईल, पसंती साहेबाच्या हातात आहे. तेही खोटं नव्हतं. गोल नापसंत झाला तर त्यात ओतलेलं सगळं वाया जाणार होतं, आणि अण्णांचा शब्दही. अण्णांनी गोल माझ्यापुढं सरकवला. मग त्यांनी विचारलं ते मलाच.

"हा गोल कुणाच्या पोरांपुढं ठेवायचाय, सदाशिव?"

मी म्हटलं, आपल्या.

"मग त्यांचं गाव सापडायला पाहिजे. लिही शिळा."

नऊ दिवसांत दोन शिळा घासून पुन्हा लिहायच्या, छापायच्या, रंगवायच्या, चिकटवायच्या, वाळवायच्या. एरवी या कामाला दुप्पट दिवस लागले असते. सगळी पृथ्वी नव्यानं कापायची होती. आफ्रिका दुसऱ्या जागी तुटणार, चीन दुसऱ्या जागी. मी कारखान्यातच जेवत होतो. शिळेवर वाकून मान इतकी आखडली की हाक आली तर सगळा देह वळवावा लागे. पण मजा अशी, की दमल्याचं जाणवत नव्हतं. उलटी अक्षरं पाण्यासारखी हातातून वाहत होती. उस्तादांचा ताबूत अर्धा राहिला होता. त्यांनी भावाला कांबी बांधायला बसवलं आणि स्वतः दिवसभर आमच्याकडे यायला लागले. नियम मोडताय, असं मी म्हटलं तर म्हणाले, "घुमटाला धा-पंधरा दिस अजून हाईत. तुमच्या धरतीला न्हाईत."

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची फाक, समुद्राची, बसली. अण्णांनी गोल फिरवून शोधलं. कोल्हापूर फाकीच्या मधोमध, ठिपक्यासकट आणि 'र' सकट. लंडनकडे आम्ही कुणीच मुद्दाम पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या दिवाणखान्यात मेजावर गोल ठेवला. विद्याखात्याचे अधिकारी होते, चार-पाच हेडमास्तर होते. कुणी घडणीबद्दल विचारलं तर सांगायला हवं म्हणून अण्णांनी उस्तादांनाही आणलं होतं. ते धुतलेला फेटा बांधून दाराशी उभे होते.

साहेब उंच, अबोल गृहस्थ. त्यांनी गोल बोटानं ढकलला, थांबू दिला, पुन्हा ढकलला. वेगवेगळ्या जागी थांबतो हे पाहून त्यांनी मान डोलावली. मग ते वाकले. कोणताही माणूस गोलासमोर आला की आपलं गाव शोधतो, हे मी पुढं हजारदा पाहिलं. साहेबांचं बोट फ्रान्सवरून वर सरकलं आणि थांबलं. त्यांनी अण्णांना इंग्रजीत विचारलं की जोड लंडनवर का आणला आहे. विलायती गोलांवर तो तिथं नसतो.

अण्णांनी सफाईदार इंग्रजीत उत्तर सुरू केलं. उस्तादांनी मला कोपरानं ढोसून विचारलं, साहेब काय म्हणतोय? मी कुजबुजून सांगितलं. सांगायला नको होतं. उस्ताद दोन पावलं पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"सायब, बारा शिवणी हाईत. कुनाच्या तरी गावावनं जायाच्याच. आजवर आमच्यावनं जात हुत्या."

वकील छताकडे बघायला लागले. अण्णांनी घाईनं भाषांतर केलं, की कारागीर म्हणतो ओला कागद वाढतो, आणि हवेचाही परिणाम होतो. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग ते सावकाश, पुस्तकी मराठीत म्हणाले, "त्यांनी काय सांगितले ते मला समजले आहे."

साहेबांनी अंगठ्याचं नख लंडनवरच्या शिवणीला लावलं आणि खालून वर ओढलं. कागद उचलला नाही. पुन्हा ओढलं, जोर लावून. शिवण जागची हलली नाही. ते सरळ उभे राहिले.

"ही किती वर्षे टिकेल?" त्यांनी उस्तादांना विचारलं.

"आपुन हाय तवर ऱ्हाईल," उस्ताद म्हणाले.

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी खात्याच्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं की काम पक्कं आहे, घ्यायला हरकत नाही. एवढंच. बाहेर आल्यावर अण्णांनी उस्तादांना चांगलं झापायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं, आणि त्यांना इतकं हसू आलं की शाळेच्या पायरीवर बसावं लागलं. त्या वर्षीचा ताबूतही वेळेवर उभा राहिला. तो पाहायला आमची सगळी मंडळी गेली होती.

पुढं कित्येक वर्षं आम्ही गोल केले आणि पेंढ्यात बसवून गावोगाव धाडले. मीही बरोबर जाई. हातकणंगल्याच्या स्टेशनावर हमालानं गोलांची पाटी उचलून विचारलं होतं, पावणं, कलिंगडं एवढी हलकी कशी? कानडी मुलखाच्या कडेला एका गौडांनी, म्हणजे तिथल्या पाटलांनी, शाळेसाठी गोल घेतला आणि आपलं गाव त्यावर घाला म्हणाले. मी समजावलं की एवढ्या गोलावर लहान गावं मावत नाहीत. ते म्हणाले, मग मोठा गोल करा की.

मलकापूरच्या पुढं एका शाळेत गेलो तर गोल कुठंच दिसेना. मास्तरांनी तो पेटीत कुलूप लावून ठेवला होता. वर्षातून एकदा, तपासणीला साहेब आले की काढायचा. फुटला तर जाब कोण देणार, हे त्यांचं म्हणणं. मी चिडलो नाही, कारण ते एकटे नव्हते. निम्म्या शाळांतून हीच कथा होती. परत येऊन अण्णांना सांगितलं आणि मंडळीनं नियम केला की गोल कसाही खराब झाला तरी आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ, कुणाला जाब विचारणार नाही. त्या मास्तरांना मी तसं कागदावर लिहून दिलं तेव्हा कुठं कुलूप निघालं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. प्रत्येक गोलावर दक्षिण समुद्रात एक चौकट होती, तिच्यात मंडळीचं नाव आणि त्याखाली 'रेखन' म्हणून माझं. दस्तगीर उस्तादांचं नाव तिथं नव्हतं. ते सभासद नव्हते, आणि कारागिरांची नावं घालायची पद्धत नाही असं सभेत ठरलं. मी त्या सभेत होतो. मी हात वर केला नाही. उस्तादांनी या गोष्टीचा कधी शब्द काढला नाही, म्हणून मलाही ती बरीच वर्षं सोयीची वाटली.

महाराज गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. अण्णाही गेले होते. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि अंधुक उजेडापलीकडे त्यांना काही दिसत नसे. तरी सकाळी नातीचा हात धरून ते कारखान्यात येत आणि बाकावर बसून राहत. अशात एक दिवस मलकापूरकडच्या त्या कुलूपवाल्या मास्तरांकडून पेंढा भरलेली पाटी आली. बरोबर चिठ्ठी होती. गोल फुटलेला नाही, पण मुलांना रोज हाताळायला देतो, त्यामुळे कोल्हापूर नाहीसं झालं आहे, ते कृपया पुन्हा लिहून द्यावं.

मी पेंढा बाजूला केला. बाकी गोल चांगला होता. लंडनची शिवण काल बसवल्यासारखी. पण आमच्या जागी रुपयाएवढा पांढरा डाग पडला होता. रोगण गेलं होतं, कागद गेला होता, खालच्या खडूपर्यंत सगळं झिजलं होतं. पुणंही त्यातच गेलं होतं.

मी रंग कालवायला घेतला आणि तोवर धरा म्हणून गोल उस्तादांच्या मांडीवर दिला. कुठून आला, काय झालंय, काही बोललो नाही. त्यांनी तो छातीशी घेतला आणि शिवणी एकेक करून बोटानं तपासायला लागले, वरपासून खालपर्यंत. एकही उचललेली नव्हती. मग बोट मधल्या एका फाकीवर आलं, खळग्यात गेलं आणि तिथंच थांबलं.

"मास्तर, हे कोल्हापूर न्हवं का?"

मी म्हटलं, व्हय.

त्यांनी बोट काढलं नाही. खळग्याच्या कडेनं ते हळूहळू फिरवत राहिले.

"खडूची सात पुटं दिलीती मी. किती पोरांनी बोट लावलं असंल, वो?"

मी कुंचला पुसून ठेवला. त्या मास्तरांना दुसऱ्या दिवशी नवा गोल पाठवला. तो जुना उस्तादांच्या मांडीवरच राहू दिला, आणि नात जेवायला न्यायला येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.